जुन्या गाडीचे इंजिन हाताने फिरवताना पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची टक्कर कशी टाळावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एरंडवणे, डेक्कन किंवा कॅम्पमधल्या जुन्या बंगल्यांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली फियाट, अँबेसेडर किंवा हेराल्ड अजूनही सापडते. वडिलांची किंवा आजोबांची ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असे घरात ठरले, की पहिला हात इंजिनालाच लागतो आणि बहुतेक वेळा तो घाईने लागतो. पुढील प्रश्न अशा गाड्यांचे मालक आणि त्यांचे काम हाती घेणारे मेकॅनिक यांच्याकडून वरचेवर येतात. उत्तरे चार स्ट्रोकच्या पेट्रोल इंजिनांना धरून दिली आहेत. आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये एखादा आकडा वेगळा दिला असेल, तर तोच प्रमाण मानावा.

चालू इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागत नाहीत. मग हाताने सावकाश फिरवताना ते का लागावेत?

पिस्टन वर-खाली करणाऱ्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा होतो, आणि हे प्रमाण चेन, बेल्ट किंवा गिअर यांच्या जोडणीमुळे टिकून असते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन टॉपला (सिलिंडरमधील सर्वांत वरच्या जागी) येत असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असतो आणि इनलेट व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो. म्हणजे थोडा वेळ दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात आणि पिस्टन त्यांच्या अगदी जवळ असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातील अंतर सर्वांत कमी होते ते टॉपच्या सुमारे १० ते १५ अंश आधी, आणि इनलेटचे तेवढेच नंतर. अनेक इंजिनांत हे अंतर दोन-तीन मिलिमीटरच असते.

हा हिशेब तीन प्रकारे बिघडतो. चेन किंवा बेल्ट सुटल्यामुळे कॅम आणि क्रँक यांची जोडणीच राहत नाही. किंवा जोडणी असते, पण दाते चुकीच्या ठिकाणी बसलेले असतात. किंवा जोडणी बरोबर असूनही एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये (त्याची दांडी सरकते त्या नळीत) अडकून उघडाच राहतो आणि कॅमने सोडले तरी वर येत नाही. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत तिसरा प्रकार सर्वाधिक आढळतो, आणि नेमका त्याचाच विचार कोणी करत नाही, कारण टायमिंगच्या, म्हणजे कॅम आणि क्रँक यांचा मेळ दाखवणाऱ्या, खुणा तर जुळलेल्या दिसतात. हाताने फिरवताना वेग नसला तरी पान्याच्या लांबीमुळे जोर पुष्कळ असतो. व्हॉल्व्हची दांडी वाकण्यासाठी तेवढा जोर पुरेसा असतो.

माझ्या इंजिनात हा धोका आहे की नाही, हे कसे ओळखावे?

व्हॉल्व्ह कोठे बसवले आहेत, यावरून पहिला अंदाज येतो. साइड व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये असतात आणि ते पिस्टनच्या वाटेत येतच नाहीत. जुन्या विलीज जीपचे २.२ लिटरचे ‘गो डेव्हिल’ इंजिन आणि सुरुवातीच्या मॉरिस मायनरचे ९१८ सीसी इंजिन या प्रकारचे आहे. अशा इंजिनाला या पानावरील बहुतेक काळजी लागू होत नाही. तेथे गंजलेल्या पिस्टन रिंगा आणि जाम झालेले टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले ठोकळे) हीच खरी डोकेदुखी असते.

आपल्याकडील बहुतेक जुन्या गाड्या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे पुश रॉडच्या आहेत. अँबेसेडरचे १४८९ सीसीचे बीएमसी ‘बी सीरिज’ इंजिन, प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसी, स्टँडर्ड हेराल्डचे ९४८ सीसी आणि प्रीमियर ११८ एनईचे निसान घराण्यातील ११७१ सीसी इंजिन, ही सर्व याच प्रकारात मोडतात. यांत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असतो आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये (सिलिंडरवरील झाकणात) असतात; कॅमची हालचाल पुश रॉड नावाची लांब दांडी वरच्या रॉकरला देते आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. तिसरा प्रकार ओव्हरहेड कॅमचा आहे; त्यात कॅमशाफ्टही वर हेडमध्येच असतो. मारुती ८०० चे बेल्टवर चालणारे ७९६ सीसी इंजिन, जॅग्वारचे एक्सके इंजिन आणि फियाटची ट्विन कॅम इंजिने या प्रकारात येतात.

एखाद्या विशिष्ट इंजिनात टायमिंग सुटल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोच की नाही, याविषयी नाना पेठेतील स्पेअर पार्टच्या काउंटरवर छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. आमचे मत असे आहे की मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेले नसेल, तर लागतोच असे धरून चालावे. शिवाय इंजिन मूळ अवस्थेत राहिले आहे याची खात्री नसते. ५० वर्षांत हेड किती वेळा फेस केले (कापून सपाट केले) गेले आणि पिस्टन कोणत्या बनावटीचे घातले, हे गाडीच्या कागदपत्रांत नोंदलेले नसते.

अनेक वर्षे बंद असलेले इंजिन पहिल्यांदा फिरवण्याआधी काय करावे?

प्रथम बॅटरीची तार काढावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, चाकांना ओट लावावा आणि कॉइलची तार सोडावी. प्लगच्या भोवती साचलेली धूळ फुंकून किंवा ब्रशने साफ केल्याशिवाय प्लग काढू नयेत, कारण तेथील खडा आत पडला तर तोही पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये सापडतो. सर्व प्लग काढल्याचा दुहेरी फायदा होतो. कॉम्प्रेशनचा अडथळा राहत नाही, त्यामुळे फिरवायला जोर कमी लागतो. आणि त्यानंतर हाताला जो कोणता कडक अडथळा जाणवेल, त्याला निश्चित कारण असते.

मोबाइलला जोडता येणारा बारीक एंडोस्कोप कॅमेरा आता स्वस्तात मिळतो. तो प्लगच्या भोकातून आत सोडून प्रत्येक सिलिंडर पाहावा. पिस्टनच्या माथ्यावरील काजळीत नखाच्या कडेएवढी चमकदार चंद्रकोर दिसली, तर तेथे पूर्वी केव्हातरी व्हॉल्व्ह लागून गेला आहे असे समजावे. एअर क्लीनरही उघडून पाहावा. गॅरेजमधल्या उंदरांना ती जागा फार आवडते, आणि त्यांनी साठवलेल्या शेंगांची टरफले इनलेट मॅनिफोल्डमधून उघड्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचलेली असू शकतात.

त्यानंतर हेडवरचे टॅपेट कव्हर काढावे. पुश रॉडच्या इंजिनात सर्वांत खात्रीचा उपाय येथेच हाताशी असतो: रॉकर शाफ्ट उतरवला की सर्व व्हॉल्व्ह आपापल्या स्प्रिंगच्या जोरावर मिटतात. मग क्रँक कसाही फिरवला तरी मिटलेला व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येत नाही. पुश रॉड काढायचे असतील, तर ते एका पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमाने लावून ठेवावेत. बीएमसीच्या इंजिनात पुश रॉड झटक्याने ओढू नये; ऑइलच्या चिकटपणामुळे खालचा टॅपेट त्याच्याबरोबर वर येऊन आपल्या जागेतून सुटू शकतो. रॉड आधी थोडा हलवून सुटा करावा आणि मग सरळ वर काढावा.

अँबेसेडरच्या मालकांनी येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. या इंजिनात रॉकर शाफ्टच्या ब्रॅकेटचे काही नट हे हेडचेही नट असतात. ते सोडल्यावर हेड एका बाजूने सैल पडते, हेड वाकण्याचा धोका निर्माण होतो आणि गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकते. म्हणून रॉकर शाफ्ट उतरवायचाच असेल, तर आधी रेडिएटरमधले पाणी काढून हेडचे सर्व नट क्रमाने, थोडे थोडे सैल करावेत आणि हेड गॅस्केट नवे घालण्याची तयारी ठेवावी. तेवढे करायचे नसेल, तर रॉकरवरील टॅपेटचे स्क्रू पूर्ण मागे घ्यावेत, स्प्रिंग दाबून रॉकर शाफ्टवरच बाजूला सरकवावा आणि पुश रॉड एकेक करून काढावा. कडेच्या रॉकरला बाजूला जागा मिळावी म्हणून शाफ्टच्या टोकाची पिन काढावी लागते. हे काम कंटाळवाणे असले तरी हेड जागेवर राहते.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. स्टीलची सरळ पट्टी व्हॉल्व्हच्या टोकांवर आडवी धरावी. रॉकरचा भार नसताना सर्व टोके जवळजवळ एका पातळीत दिसली पाहिजेत. सीट (व्हॉल्व्ह मिटल्यावर टेकतो त्या कडा) कमी-अधिक कापलेल्या असल्या तर किंचित फरक चालतो, पण एखादे टोक शेजारच्यापेक्षा पाच-सहा मिलिमीटर खाली असेल, तर तो व्हॉल्व्ह मिटलेला नाही. तो मोकळा होईपर्यंत क्रँकला पाना लावू नये.

इंजिन कशाने फिरवावे?

क्रँक पुलीच्या बोल्टवर नीट बसणारा गोटी पाना आणि त्याला साधारण एक फूट लांबीचा दांडा, हे सर्वांत चांगले. एका हाताने, शांतपणे जेवढा जोर लागतो, ती मर्यादा मानावी. दांड्याला पाइप घालून लांबी वाढवली, की हाताला येणारी जाणीव संपते आणि नेमकी तीच आपल्याला हवी असते. अँबेसेडर किंवा जीपला स्टार्टिंग हँडल लावता येते, तेही चालते. हँडल खालून वर ओढावे आणि अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा. प्लग काढलेले आणि कॉइल सोडलेली असल्यामुळे हँडल उलटे झटकण्याचे कारण उरत नाही, पण सवय चांगलीच असावी.

पंख्याची पाती धरून इंजिन फिरवू नये. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलू नये. गाडीच्या वजनाचा जोर एवढा असतो की व्हॉल्व्ह वाकल्याचे कळतही नाही. पहिल्या फेऱ्यांसाठी सेल्फ मारणे तर पूर्ण वर्ज्य आहे.

क्रँक फिरवण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ ऑइल सोडावे. जास्त ओतू नये. द्रव पदार्थ दाबला जात नाही, त्यामुळे प्लग लावलेले असतील तर तो पिस्टनला दगडासारखा अडवतो आणि आपल्याला ती व्हॉल्व्हची टक्कर वाटते.

फिरवता फिरवता इंजिन एका जागी अडकले. कारण व्हॉल्व्ह आहे की दुसरे काही, हे कसे कळेल?

पहिली गोष्ट अशी की जोर लावणे तत्काळ थांबवावे. पुलीवर आणि तिच्या समोरच्या स्थिर भागावर खडूने एकेक रेघ ओढावी, म्हणजे अडकण्याची जागा निश्चित होते. मग क्रँक अगदी थोडा मागे घ्यावा.

गंजलेल्या रिंगा सुरुवातीपासून सगळीकडे जड लागतात. एकदा सुटल्यावर खरखर जाणवते, पण अडथळा विशिष्ट जागेवर नसतो. व्हॉल्व्ह लागत असेल, तर क्रँक मोकळेपणाने येतो, ‘टक्’ असा धातूचा आवाज होतो आणि पुढे एक अंशही जात नाही. त्या अडथळ्याला लवचीकपणा नसतो. त्या वेळी कोणता पिस्टन टॉपच्या जवळ आहे, हे प्लगच्या भोकातून बांबूची लांब काडी किंवा प्लास्टिकची नळी घालून पाहावे. स्क्रू ड्रायव्हर घालू नये. भोक तिरके असेल तर पिस्टन वर येताना तो अडकतो आणि पिस्टनचा माथा किंवा प्लगचे आटे खराब करतो.

आता निदान. क्रँक मागे फिरवत नेला असता तो जवळजवळ एक पूर्ण फेरा मोकळा फिरून त्याच पिस्टनच्या टॉपच्या अलीकडे, पण दुसऱ्या बाजूने अडकला, तर त्या सिलिंडरमध्ये काहीतरी कायमचे वाटेत आहे: उघडा राहिलेला व्हॉल्व्ह किंवा आत पडलेला नट. याउलट टॉप एका फेऱ्यात बिनबोभाट पार होतो आणि पुढच्या फेऱ्यात तेथेच अडतो, असा दोन फेऱ्यांचा हिशेब दिसला, तर बोट कॅमकडे जाते, कारण दोन फेऱ्यांत एकदा घडणारी गोष्ट कॅमच्याच ताब्यातली असते. अशा वेळी टायमिंगचे कव्हर उघडण्यावाचून पर्याय नाही. क्रँक दोन्ही दिशांना काही अंशच हलत असेल, तर गाडी गिअरमध्ये राहिली आहे का आणि स्टार्टरचे पिनियन फ्लायव्हीलच्या दातात अडकले आहे का, हे आधी पाहावे.

व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला आहे. तो कसा सोडवावा?

पुण्याच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा असतो आणि बंद गाडीत एक-दोन व्हॉल्व्ह तरी उघड्या अवस्थेत थांबलेले असतात. त्यांच्यावाटे ओलावा आत शिरतो, दांडी आणि गाइड यांच्यामधील बारीक फटीत गंज धरतो. इनलेटच्या बाजूला आणखी एक कारण असते: जुन्या पेट्रोलचा वाळलेला चिकट थर.

त्या सिलिंडरचा पिस्टन आधी खाली न्यावा. हे करताना क्रँक अडथळ्यापासून दूर जाणाऱ्या दिशेनेच फिरवावा. मग दांडीच्या भोवती गंज सोडवणारे ऑइल घालून दिवसभर मुरू द्यावे, पुन्हा घालावे. चिकट थरासाठी थिनर अधिक उपयोगी पडतो. त्यानंतर दांडीच्या टोकावर लाकडाचा किंवा पितळेचा तुकडा ठेवून हलके ठोके द्यावेत. ठोक्याने व्हॉल्व्ह अंशभर आणखी खाली जातो आणि स्प्रिंग त्याला वर खेचू पाहते. दोन्हीकडची ही हालचाल वाढत जाते. पिस्टन खाली असण्याचे महत्त्व येथे कळते. व्हॉल्व्ह हलू लागल्यावर तो थोडा थोडा फिरवत राहावा आणि प्रत्येक वेळी पट्टीने पातळी पाहावी. जो व्हॉल्व्ह सुटूनही शेवटचे एक-दोन मिलिमीटर वर येत नाही, त्याची दांडी वाकलेली किंवा सीट गंजलेली असते; अशा वेळी हेड उतरवणे हाच मार्ग उरतो.

पिस्टनने ढकलून व्हॉल्व्ह मिटवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती कधीही वापरू नये. ओव्हरहेड व्हॉल्व्ह बहुधा पिस्टनच्या माथ्याला सरळ समोर नसतो, त्यामुळे डोके तिरके दाबले जाते आणि दांडी वाकते.

ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात चेन किंवा बेल्ट काढायचा आहे. पिस्टन कोठे ठेवावेत?

येथे रॉकर उतरवून सर्व व्हॉल्व्ह मिटवण्याची सोय बहुधा नसते. कॅम कसाही थांबला तरी काही व्हॉल्व्ह उघडे राहणारच. म्हणून उलट बाजूने विचार करायचा: व्हॉल्व्ह मिटत नसतील, तर पिस्टन त्यांच्यापासून दूर न्यायचे, आणि ते जोडणी सोडण्याच्या आधी न्यायचे.

चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकत्र वर-खाली होतात, २ आणि ३ नंबरचे एकत्र. सर्व खुणा आधी जुळवून, रंगाने ठळक करून, फोटो काढून ठेवावेत. मग क्रँक नेहमीच्या दिशेने जवळजवळ दोन फेरे फिरवून १ नंबर टॉपच्या ९० अंश आधी थांबवावा. या अवस्थेत चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्याच्या किंचित खाली असतात. कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे ते अगदी मध्यावर राहत नाहीत आणि हा फरक आपल्या सोयीचाच आहे. सुमारे ८९ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात ते टॉपपासून जवळजवळ ५० मिलिमीटर खाली असतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी तो साधारण १० मिलिमीटरच्या आसपासच खाली येतो. म्हणजे कॅम एकटा फिरवला तरी पिस्टनला काही लागत नाही.

जोडताना क्रम उलटा. प्रथम कॅम त्याच्या खुणेवर आणावा, नंतर क्रँक ९० अंश पुढे फिरवून १ नंबर टॉपच्या खुणेवर आणावा. जवळच्या वाटेने या, एवढेच लक्षात ठेवावे. दुसऱ्या बाजूने लांबचा फेरा घेतला तर वाटेत २ आणि ३ नंबरचे पिस्टन टॉपवरून जातात आणि त्यांचे व्हॉल्व्ह त्या वेळी उघडे असू शकतात.

तीन आणि सहा सिलिंडरच्या इंजिनांत ९० अंशांचा नियम लावू नये. त्यांचे क्रँक १२० अंशांच्या अंतराने असतात, म्हणून टॉपपासून ६० अंशांवर थांबावे. तेव्हा पिस्टनांचा एक गट अगदी तळाशी असतो आणि उरलेले दोन्ही गट टॉपपासून ६० अंशांवर. ९० अंशांवर थांबल्यास मात्र एखादा गट टॉपपासून ३० अंशांवरच राहतो आणि तेवढी जागा पुरेलच असे नाही.

जॅग्वारसारख्या ट्विन कॅम (दोन कॅमशाफ्टच्या) इंजिनात आणखी कोणती काळजी घ्यावी?

जॅग्वारचे एक्सके इंजिन १९४८ मध्ये आले आणि त्याची काही उदाहरणे आपल्याकडील संग्रहांतही आहेत. यात इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह समोरासमोर तिरके असतात. त्यामुळे पिस्टन कितीही खाली असला, तरी दोन्ही कॅम स्वतंत्रपणे फिरवले तर व्हॉल्व्हची डोकी एकमेकांवर आदळू शकतात. एक कॅम बसवून झाल्यावर तो त्याच्या खाचेत गेज लावून जागेवर धरावा आणि मगच दुसऱ्याला हात लावावा.

या इंजिनात सिलिंडरचे क्रमांक मागून मोजतात. सर्वांत पुढचा सिलिंडर ६ नंबरचा आणि फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ अशी आहे. अँबेसेडरवर हात बसलेला मेकॅनिक सवयीने पुढच्या सिलिंडरला एक नंबर समजतो आणि सगळे टायमिंग त्या गृहीतावर उभे राहते. हेड उतरवल्यावर ते टेबलावर सपाट ठेवू नये. उघडे व्हॉल्व्ह हेडच्या पातळीच्या खाली आलेले असतात आणि हेडच्या वजनानेच वाकतात. दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे द्यावेत.

इंजिन उलटे फिरवले तर टक्कर होते का?

जोडणी पक्की असेल तर केवळ उलट दिशेमुळे होत नाही. परंतु उलटे फिरवताना चेनचा ढिलेपणा दुसऱ्या बाजूला जातो, टेन्शनर मागे दबू शकतो आणि झिजलेली चेन किंवा सैल बेल्ट एखादा दात सोडू शकतो. निदानासाठी थोडे मागे घेणे वेगळे. खूण ओलांडली गेली, तर पुढे दोन फेरे फिरवून पुन्हा खुणेवर येणे चांगले.

खुणा जुळल्या, बेल्ट बसला. आता सेल्फ मारावा का?

नाही. प्लग बाहेरच ठेवून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा आणि खुणा पुन्हा पाहाव्यात. बीएमसी इंजिनात दोन्ही स्प्रॉकेटांवरील ठिपके एकमेकांसमोर, दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर आले पाहिजेत. चेनवर रंगवलेल्या कड्या मात्र दोन फेऱ्यांनंतर त्याच जागी परत येत नाहीत, त्यासाठी पुष्कळ फेरे लागतात. ते पाहून घाबरून चेन पुन्हा काढणारे लोक आहेत. स्प्रॉकेटच्या खुणांवर विश्वास ठेवावा.

खुणांची साक्ष व्हॉल्व्हकडून काढता येते. १-३-४-२ फायरिंग ऑर्डरच्या इंजिनात १ नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला असताना ४ नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह ओव्हरलॅपवर असतात: क्रँक थोडा पुढे-मागे केला की एक मिटतो, दुसरा उघडतो. हे दिसले नाही, तर काहीतरी चुकले आहे. डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा चुकीचा बसला तर गाडी चालू होत नाही, कार्बुरेटरमधून फटाके वाजतात, पण व्हॉल्व्हला त्यापासून इजा नाही.

हेड फेस करून आणले आहे, पिस्टनही नवे आहेत. अंतर पुरेसे आहे हे कसे तपासावे?

हेड अर्धा मिलिमीटर फेस केले, की सरळ उभ्या व्हॉल्व्हचे पिस्टनपासूनचे अंतर तेवढेच कमी होते. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंगही किंचित मागे पडते. भोसरी-चिंचवडच्या शॉपमध्ये हेड देताना किती कापावे हे लेखी द्यावे आणि परत घेताना किती कापले हे लिहून घ्यावे. पिस्टन नवे असतील, तर पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची व्हर्नियरने जुन्या पिस्टनशी ताडून पाहावी. भारतात २००० सालापासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यामुळे अनेक हेडांत कठीण सीट बसवल्या गेल्या आहेत. ती सीट थोडी वर राहिली असेल, तर व्हॉल्व्हही पिस्टनच्या दिशेने पुढे येतो.

मोजण्याची जुनी पद्धत मुलांच्या खेळण्यातील क्लेची आहे. पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हच्या समोर क्लेची जाड पट्टी बसवावी, तिच्यावर ऑइलचा हात फिरवावा म्हणजे ती व्हॉल्व्हला चिकटणार नाही. दाबले गेलेले जुने गॅस्केट घालून हेड घट्ट करावे, टॅपेट सेट करावेत आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा. हेड काढून क्ले पात्याने उभी कापली की सर्वांत पातळ जागा दिसते. ती व्हर्नियरने मोजावी. इनलेटकडे २ आणि एक्झॉस्टकडे २.५ मिलिमीटर हा रूढ ठोकताळा आहे. एक्झॉस्टला जास्त, कारण तो अधिक तापतो आणि पिस्टन त्याच्या पाठीमागे येत असतो. व्हॉल्व्ह तिरके असतील, तर डोक्याच्या कडेलाही माप घ्यावे. आणि फिरवताना क्लेऐवजी धातूचा अडथळा जाणवला, तर मोजमाप तेथेच संपले असे समजावे.

टक्कर झाली असावी, पण इंजिन फिरते आहे. नुकसान कसे तपासावे?

फिलर गेज घेऊन टॅपेटचे अंतर मोजावे. वाकलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याचे टोक खाली राहते आणि रॉकरखालचे अंतर इतरांपेक्षा बरेच वाढलेले आढळते. वाकलेल्या पुश रॉडमुळेही तसेच होते, म्हणून तो काढून काचेवर लोळवून पाहावा. मग कॉम्प्रेशन घ्यावे, किंवा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून प्लगच्या भोकातून हवा सोडावी. कार्बुरेटरमधून फुस्स ऐकू आले तर इनलेट, सायलेन्सरमधून आले तर एक्झॉस्ट, ऑइल भरण्याच्या तोंडातून आले तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. वाकलेला व्हॉल्व्ह सरळ करून पुन्हा बसवू नये. त्याचे डोके पुढे कधीतरी तुटून पडते आणि मग पिस्टन, हेड, सारेच जाते. त्या व्हॉल्व्हचा गाइडही चिरला आहे का, हे पाहावे.

हेड न उतरवता व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलता येते का?

येते. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला ठेवावा, म्हणजे व्हॉल्व्ह सुटला तरी पिस्टनच्या माथ्यावर टेकतो आणि आत पडत नाही. स्प्रिंग निघालेली असताना क्रँक हलता कामा नये, म्हणून हँडब्रेक आणि टॉप गिअर, दोन्ही लावावेत.

काम अर्धवट ठेवून गाडी काही आठवडे उभी राहणार आहे. काय करावे?

बॅटरीची तार काढलेलीच ठेवावी आणि स्टिअरिंगला ‘टायमिंग चेन सुटी आहे, सेल्फ मारू नये, गाडी ढकलू नये’ अशी पाटी बांधावी. पार्किंगमध्ये जागा करण्यासाठी गाडी गिअरमध्ये ढकलणारा सोसायटीचा वॉचमन किंवा किल्ली फिरवून पाहणारा पाहुणा यांना आतली अवस्था ठाऊक नसते. पिस्टन टॉपपासून दूर, वर सांगितलेल्या अवस्थेत ठेवावेत. जोडणी पूर्ण असलेली गाडी उभी राहणार असेल, तर महिन्यातून एकदा प्लग काढून, थोडे ऑइल सोडून, क्रँक हाताने तीन-चार फेरे फिरवावा आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबवावा, म्हणजे तोच व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा उघडा राहत नाही.